वही कोणाच्या हाती?

अन्नाच्या व्यापारात गेली काही वर्षे एक आंबा फार गाजला. तो कोकणातला नव्हे, मेक्सिकोचा. आणि गाजला तो चवीसाठी नव्हे, तर वंशावळीसाठी. वॉलमार्ट या अमेरिकन दुकानसाखळीत अन्नसुरक्षेचे प्रमुख असलेल्या फ्रँक यियानास यांनी चिरलेल्या आंब्याचे एक पाकीट सहकाऱ्यांपुढे ठेवले आणि हे फळ कोणत्या बागेतून आले ते शोधून काढण्यास सांगितले. पावत्या, दूरध्वनी, पत्रव्यवहार यांची बरीच धावपळ झाल्यावर उत्तर हाती आले ते ६ दिवस, १८ तास आणि २६ मिनिटांनी. पुढे आयबीएम कंपनीच्या साहाय्याने याच व्यवहाराच्या नोंदी ब्लॉकचेन पद्धतीने ठेवण्यात आल्या, तेव्हा तेच उत्तर २.२ सेकंदांत पडद्यावर उमटले. ही गोष्ट २०१६-१७ मधील. तेव्हापासून अन्नाच्या पुरवठा साखळीवरील परिसंवादांत हा आंबा नित्यनेमाने वाढला जात आहे.

आठवडा आणि दोन सेकंद यांतील अंतर इतके मोठे आहे की, भेसळ, बनावट आणि दलाली या अन्नव्यापाराच्या जुन्या व्याधींवर अखेर औषध सापडले, असा समज त्यामुळे दृढ व्हावा यात नवल नाही. भारतातही कॉफी बोर्डाने मार्च २०१९ मध्ये ब्लॉकचेनवर आधारलेल्या बाजारमंचाचा प्रायोगिक उपक्रम सुरू केला. त्यानंतर मसाले, फळे, दूध, सेंद्रिय धान्य अशा प्रत्येक मालाच्या संदर्भात हा शब्द उच्चारला जाऊ लागला. या समजात खरे किती आणि भाबडे किती, याचा विचार महाराष्ट्राने तरी अवश्य करावयास हवा. कारण शेतमालाच्या एका मोठ्या निर्यात व्यवहारात मालाचा माग ठेवण्याचा दीर्घ अनुभव या राज्याच्या गाठीशी आहे, आणि नव्या तंत्राचा खर्च व शिस्त शेवटी ज्याच्या माथी येणार तो येथील बागायतदारच आहे.

ब्लॉकचेन म्हणजे काय हे समजण्यास गणिताचे ज्ञान लागत नाही. जुन्या पेढीवरील कीर्द-खतावणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पानाच्या तळाशी मांडलेली बेरीज आणि पुढील पानाच्या माथ्यावरील ‘मागील पानावरून पुढे’ ही अक्षरे आठवत असतील. येथे केवळ रकमेची बेरीज पुढे जात नाही. पानावरील प्रत्येक अक्षरावरून गणिताने काढलेला एक ठसा पुढील पानाच्या माथ्यावर नोंदला जातो. मागील पानावरचा एखादा काना जरी कोणी खरवडला तरी ठसा बदलतो, तो पुढील पानाशी जुळेनासा होतो आणि तेथून पुढची सगळी वही खोटी ठरते. शिवाय ही वही एकाच पेढीच्या गल्ल्याखाली नसते. व्यवहारातील अनेकांकडे तिच्या तंतोतंत प्रती असतात. त्यामुळे एकाने गुपचूप पान फाडले तरी इतरांच्या प्रती त्याला उघडे पाडतात. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन अमेरिकन संशोधकांनी ही कल्पना १९९१ मध्ये मांडली. १९९५ पासून असा ठसा ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत दर आठवड्याला छापून येऊ लागला. हजारो घरांत पोहोचलेला अंक कोणालाही मागाहून बदलता येत नाही, हा त्यामागील साधा हिशेब होता. वर्तमानपत्राचा एवढा तर्कशुद्ध उपयोग फारच थोड्यांनी केला असेल. पुढे २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या निबंधात याच कल्पनेवर बिटकॉइन या चलनाची उभारणी करण्यात आली.

बिटकॉइनला जे साधले ते आंब्याला साधेल, असे गृहीत धरण्यातच पहिली चूक होते. बिटकॉइनमध्ये नाणे म्हणजेच नोंद. वहीच्या बाहेर त्या नाण्याला अस्तित्व नाही. म्हणून वही निर्दोष असली की व्यवहारही निर्दोष असतो. आंब्याचे तसे नाही. तो झाडावर असतो, करंडीत असतो, ट्रकमध्ये असतो. वहीत असते ते त्याच्याविषयी कोणीतरी केलेले विधान. विधान खरे असेल तर वही ते खरेपणाने जपून ठेवील. खोटे असेल तर तेही तितक्याच निष्ठेने जपून ठेवील, आणि वर त्याला न पुसता येणाऱ्या नोंदीची प्रतिष्ठा देईल.

अन्नाच्या व्यवहारातील अलीकडची मोठी संकटे पाहिली की हा भेद केवळ पंडिती नाही हे लक्षात येते. २००८ मध्ये चीनमध्ये मेलामाइन मिसळलेल्या दुधाच्या भुकटीने सुमारे ३ लाख बालके आजारी पडली आणि ६ दगावली. दुधात पाणी घातल्यावर प्रथिने कमी भरू नयेत म्हणून हे रसायन घालण्यात आले होते. प्रथिनांची नेहमीची तपासणी नायट्रोजन मोजून होते आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो. म्हणजे फसली ती वही नव्हे, तपासणीच फसली. त्या दुधाच्या नोंदी ब्लॉकचेनवर असत्या तर ‘प्रथिने योग्य प्रमाणात’ हे असत्य पिढ्यान्‌पिढ्या टिकले असते, इतकेच. २०१३ मध्ये युरोपात गोमांस म्हणून घोड्याचे मांस विकले गेल्याचे उघडकीस आले. रुमानियातील कत्तलखान्यापासून लक्झेंबर्गमधील कारखान्यापर्यंतच्या प्रवासात दलालांच्या आणि प्रक्रिया करणाऱ्यांच्या हातांतून जाताना कागदावरचा प्राणी बदलला. हे उघड झाले ते आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने केलेल्या डीएनए चाचण्यांमुळे. कागदांच्या तपासणीमुळे नव्हे. येथे मात्र ब्लॉकचेनचा काही उपयोग झाला असता हे मान्य केले पाहिजे. मधल्या हातांनी केव्हा शब्द बदलला, हे नंतर शोधणे सोपे गेले असते.

अमेरिकेतील २००६ च्या पालकाच्या प्रकरणात तर वेगवान शोधाची गरज स्पष्टच दिसली. ई. कोलाय जंतूंनी दूषित झालेल्या ताज्या पालकामुळे सुमारे २०० माणसे आजारी पडली आणि ३ मृत्युमुखी पडली. दोष कोठे आहे हे कळेपर्यंत ताजा पालक खाऊच नये, असा सल्ला सरकारला द्यावा लागला आणि देशभर दुकानांतील फळ्या रिकाम्या झाल्या. एका ठिकाणच्या दोषाची शिक्षा निर्दोष शेतकऱ्यांनाही भोगावी लागली. माग लवकर लागणे हे ग्राहकाच्या जिवाइतकेच निरपराध उत्पादकाच्या हिताचे असते, ते या अर्थाने.

तथापि वॉलमार्टच्या आंब्याचे २.२ सेकंद हे श्रेय ब्लॉकचेनचे आहे काय, हा प्रश्न उरतोच. पहिल्या वेळी आठवडा लागला, कारण प्रत्येकाचे कागद वेगळ्या कपाटात, वेगळ्या नमुन्यात आणि वेगळ्या क्रमांकाने ठेवलेले होते. दुसऱ्या वेळी सर्वांनी एकाच नमुन्यात, संगणकावर, खेपेच्या क्रमांकासह नोंदी केल्या. ही शिस्त एकदा आल्यावर साध्या संगणकीय कोठारानेही उत्तर तितक्याच तत्परतेने दिले असते. याविषयी खुद्द यियानास यांच्या पुढील कारकिर्दीतून जे निष्पन्न झाले ते बोलके आहे. २०१८ च्या अखेरीस ते अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात उपायुक्त झाले. त्या प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अन्नाचा माग ठेवण्याविषयीचा नियम अंतिम केला, तेव्हा त्यात ब्लॉकचेनची सक्ती नव्हती. माल कोठे पिकला, कोणी प्रथम बांधला, कोणाकडे गेला या ठरावीक नोंदी प्रत्येकाने ठेवाव्यात आणि प्रशासनाने मागितल्यावर २४ तासांत द्याव्यात, एवढीच मागणी त्यात आहे. दोन सेकंदांच्या जयघोषानंतर कायदा २४ तासांवर समाधान मानतो, यात कायद्याचा मंदपणा नाही. व्यवहाराची समज आहे. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी उभारलेला ट्रेडलेन्स हा ब्लॉकचेन मंच बंद करण्याची घोषणाही त्याच महिन्यात झाली. जागतिक मालवाहतुकीतील सर्वांचे पुरेसे सहकार्य मिळू शकले नाही, असे कारण देण्यात आले. प्रतिस्पर्ध्याच्या वहीत आपले व्यवहार लिहिण्यास व्यापारी नाखूष असतात, हे मुळजी जेठा मार्केटमधील कोणत्याही मुनिमाने विनामूल्य सांगितले असते.

महाराष्ट्राचा अनुभव या संदर्भात अधिक मोलाचा आहे. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीडनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि युरोपची बाजारपेठ हातची जाण्याची वेळ आली. त्यानंतर ‘अपेडा’ ही केंद्राची निर्यात संस्था, पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि राज्याचे कृषी खाते यांनी मिळून जी व्यवस्था बसविली, तिला २००६ च्या सुमारास ‘ग्रेपनेट’ हे संगणकीय रूप आले. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत निर्यात करू इच्छिणाऱ्या बागायतदाराने आपली बाग कृषी खात्याकडे नोंदवावी, त्या बागेला क्रमांक मिळावा, फवारणीची वही त्याने ठेवावी, काढणीपूर्वी प्रयोगशाळेच्या माणसाने बागेत येऊन नमुना घ्यावा, तो उतरला तरच माल पॅकहाउसमध्ये जावा आणि तेथून निघणाऱ्या प्रत्येक पेटीवरून बागेच्या क्रमांकापर्यंत परत जाता यावे, अशी ही रचना. रॉटरडॅमच्या बंदरात उतरलेल्या पेटीवरून निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातील गट शोधता येतो. लहान लहान बागा असलेल्या, हजारो शेतकऱ्यांच्या प्रदेशात हे घडवून आणले गेले ही सामान्य गोष्ट नव्हे.

ही रचना उभी राहिली तेव्हा तीत ब्लॉकचेन कोठेही नव्हती. वही एकच होती आणि ती एका सरकारी संस्थेच्या ताब्यात होती. परदेशी ग्राहकाने तीवर विश्वास ठेवला तो वही बदलता येत नाही म्हणून नव्हे, तर बागेत जाऊन नमुना घेणारा माणूस, तो तपासणारी प्रयोगशाळा आणि त्या प्रयोगशाळेचीही तपासणी करणारे मांजरीचे केंद्र अशी जबाबदारीची उतरंड तिच्या मागे उभी होती म्हणून. साखळीतील बळकट कड्या या माणसांच्या आणि संस्थांच्या होत्या.

त्या व्यवस्थेलाही २०१० च्या हंगामात जबर ठेच लागली. क्लोरमेक्वाट क्लोराइड म्हणजे बागायतदारांच्या परिचयाचे लिहोसिन. वेलीची वाढ आवरण्यासाठी ते वापरले जात असे. युरोपातील तपासणीत द्राक्षांत त्याचे अंश सापडले, कंटेनर अडकले, माल परत फिरला आणि अनेक बागायतदारांचे पैसे बुडाले. नोंदी सर्व जागच्या जागी होत्या. बाग क्रमांक होते, नमुन्यांचे अहवाल होते, प्रमाणपत्रे होती. आणि त्या अहवालांत खोटे काहीच नव्हते. फक्त तपासावयाच्या रसायनांच्या यादीत हे रसायनच नव्हते. जे विचारलेच नाही त्याचे उत्तर वहीत कोठून यावे? दोष यादी करणाऱ्यांचा असला तरी वहीमुळे माग निघाला तो सरळ बागेपर्यंत, आणि भुर्दंडही तेथेच जाऊन थांबला. कर्ज काढून छाटणी, फवारणी आणि मजुरीचा खर्च केलेल्या शेतकऱ्याला, आपल्या मालाचा शोध किती अचूक लागतो याचे समाधान फारसे उपयोगी पडले नसावे. त्यानंतर यादी वाढविण्यात आली आणि निर्यात सावरली. पण ती सावरली विज्ञानाने आणि प्रशासनाने. वहीच्या बांधणीने नव्हे.

नोंदीचे महत्त्व कमी लेखण्याचा मात्र येथे हेतू नाही. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण करून अमेरिकेला पाठविलेल्या आंब्याच्या किमान १५ खेपा तेथील विमानतळांवर नाकारल्या गेल्या. विकिरण झाले होते असे निर्यातदारांचे म्हणणे होते. अमेरिकन अधिकाऱ्यांचा आक्षेप सोबतचे प्रमाणपत्र चुकीच्या रीतीने दिले गेल्याचा होता. फळे परत आणणे परवडणारे नव्हते. ती तेथेच नष्ट करण्यात आली. अशा प्रसंगी ब्लॉकचेनने काय केले असते? चुकीची नोंद झाली त्याच क्षणी ती अढळ करून ठेवली असती. अशा वेळी गरज असते ती चूक वेळीच ओळखणाऱ्या आणि ती दुरुस्त करण्याचा अधिकार असलेल्या माणसाची. नोंद पुसता येऊ नये ही अपेक्षा रास्त आहे. परंतु जी दुरुस्तही करता येत नाही ती नोंद व्यवहारात शस्त्रासारखी वापरली जाऊ शकते.

हापूसची कथा याहून वेगळी नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही वाशीच्या बाजारात परप्रांतीचा आंबा देवगडच्या पेटीत शिरतो, ही बागायतदारांची तक्रार दर हंगामात ऐकू येते. पेटीवर किंवा फळावर संकेतचौकट चिकटविली आणि ती भ्रमणध्वनीने वाचली की बागेचे नाव दिसते, ही सोय चांगली आहे. पण चिकटपट्टी आंब्याला जन्मतः लागलेली नसते. ती माणूस लावतो. तिच्या मागील वही ब्लॉकचेनवर आहे की साध्या संगणकावर, याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो एका जुन्या, बिनचमकदार हिशेबाने. एका बागेत झाडे किती, त्यांना फळ किती धरले आणि त्या बागेच्या नावावर बाजारात पेट्या किती आल्या, याचा मेळ कोणी घालतो काय? हा मेळ घालणारी सहकारी संस्था जागरूक असेल तर कागदी पट्टीही पुरते. नसेल तर कोणतीही साखळी पुरत नाही.

वही आणि शेतकरी यांच्या संबंधांचा इतिहास या प्रांताला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा झाला आणि त्याचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. त्या दंग्यांचा विशेष असा की, जमावाचा रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, तो त्यांच्या दप्तरांवर होता. खते, रोखे आणि हुकूमनामे हस्तगत करून त्यांची होळी करण्यात आली. त्या कागदांवरील अंगठे खरे होते. सावकाराच्या दप्तरात ते वर्षानुवर्षे सुरक्षित होते आणि न्यायालये ते प्रमाण मानीत होती. म्हणजे आज ब्लॉकचेनचे जे गुण वाखाणले जातात ते त्या कागदांत बऱ्याच अंशी होते. नव्हती ती एकच गोष्ट: अंगठा उठविणाऱ्याला कागदावर काय लिहिले आहे हे ठाऊक नव्हते आणि त्याच्यापाशी त्याची प्रत नव्हती.

यावर १८७९ मध्ये जो दख्खन शेतकरी संरक्षण कायदा आला, त्यातील तरतुदी आजच्या तंत्रज्ञांनीही वाचण्यासारख्या आहेत. शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावा, दिलेल्या रकमेची पावती त्याला मिळावी, हिशेबाचा उतारा मागण्याचा त्याला हक्क असावा, हे त्यात आलेच. शिवाय कागदावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता मूळ व्यवहार कसा घडत गेला याचा इतिहास तपासण्याचे कर्तव्य न्यायालयांवर घालण्यात आले. कायद्याचे प्रत्यक्ष यश मर्यादित राहिले आणि सावकारांनी त्यातूनही वाटा काढल्या, ही गोष्ट वेगळी. परंतु कागदाच्या मागे जाऊन सत्य पाहण्याचा अधिकार कोणाकडे तरी असला पाहिजे, हे तत्त्व तेव्हा मान्य झाले. ‘नोंद अढळ आहे, आता काही करता येणार नाही’ असे सांगणारी यंत्रणा शेतकऱ्यापुढे उभी करताना या तत्त्वाचा विसर पडू नये.

अन्नव्यापारातील ब्लॉकचेन ही बिटकॉइनप्रमाणे बिनधन्याची वही नसते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. तेथे कोणी लिहावे, कोणी वाचावे, कोणाला कोणते पान दिसावे हे परवानगीने ठरते, आणि परवानगी देणारा बहुधा साखळीतील सर्वात मोठा गिऱ्हाईक असतो. वॉलमार्टने सप्टेंबर २०१८ मध्ये पालेभाज्यांच्या पुरवठादारांना वर्षभरात आपल्या यंत्रणेत सामील होण्यास कळविले, ते विनंतीच्या भाषेत असले तरी त्याचा अर्थ पुरवठादारांना समजण्यासारखा होता. अशा वहीतून गिऱ्हाइकाला शेतकरी पूर्ण दिसतो: त्याचा गट, त्याची फवारणी, त्याची काढणी, त्याचा नमुना. शेतकऱ्याला गिऱ्हाईक कितपत दिसते? आपला माल अखेर कोणत्या दुकानात, काय भावाने गेला आणि मधल्या हातांनी किती घेतले, हे रकाने या वह्यांत सहसा नसतात. दोष उगमापर्यंत परत येतो. भाव परत येत नाही. बाजार समितीत रुमालाखाली बोटे दाबून सौदे होत, त्या हत्ता पद्धतीला कायद्याने मनाई करावी लागली होती, कारण ज्याचा माल त्यालाच भाव कळत नसे. संगणकाच्या पडद्याचा रुमाल होऊ द्यावयाचा की नाही, हा तंत्राचा प्रश्न नाही.

याखेरीज एक व्यावहारिक अडचण आहे आणि ती तंत्रज्ञांच्या आराखड्यांत क्वचितच दिसते. द्राक्ष बागेनुसार उतरते, म्हणून त्याचा माग बागेपर्यंत जातो. दूध, सोयाबीन, तूर, हळद यांचे तसे नाही. महाराष्ट्रात सरासरी वहितीक्षेत्र २०१५-१६ च्या गणनेनुसार १.३४ हेक्टर. अशा शेतातून निघालेली पाच-दहा पोती गावच्या व्यापाऱ्याच्या गोदामात पडली की ती इतरांच्या पोत्यांत मिसळतात. संकलन केंद्रावर शंभर घरांचे दूध एका शीतकुंडात ओतले जाते. त्या क्षणी प्रत्येक घराची स्वतंत्र ओळख संपते आणि कोणतीही साखळी ती परत आणू शकत नाही. जे काही खरे किंवा खोटे व्हायचे ते ओतण्यापूर्वीच्या एका मिनिटात होते: फॅट किती लागली, एसएनएफ किती भरले, काट्यावर वजन किती दिसले. यंत्र शेतकऱ्यासमोर असते, पण त्याची चावी त्याच्या हाती नसते. दुधाच्या मापात आणि उसाच्या काट्यावर मारले जाते ही तक्रार खेड्यापाड्यांत किती जुनी आहे, हे सांगावयास नको. कोट्यवधींचा संगणकीय डोलारा या मिनिटाच्या पुढे उभारून भागणार नाही. वैधमापन खात्याने काटे आणि यंत्रे अकस्मात तपासली, आणि मोजलेला आकडा त्याच क्षणी छापील पावतीच्या रूपाने शेतकऱ्याच्या हाती पडला, तर साखळीची पहिली कडी खरी होईल. पुढच्या कड्या ब्लॉकचेनच्या असोत वा कागदाच्या.

पहिली नोंद शेतकऱ्याने स्वतः करावी ही कल्पना राज्याने एका क्षेत्रात तत्त्वतः स्वीकारलेली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत खातेदार आपल्या पिकाचे छायाचित्र काढून नोंद करतो. पूर्वी हे काम तलाठी करीत आणि चावडीत बसून केलेल्या पाहण्यांच्या सुरस कथा सर्वश्रुत होत्या. डोंगराळ भागात संपर्क न मिळणे, म्हाताऱ्या खातेदारांकडे योग्य भ्रमणध्वनी नसणे या अडचणी आहेतच. पण नोंद करणारा हात बदलला हा बदल मूलभूत आहे. मालाचा माग ठेवणाऱ्या योजनांनी येथून सुरुवात केली असती तर त्यांच्याविषयी अधिक भरवसा वाटला असता.

निर्यातीच्या या साऱ्या चर्चेत एका ग्राहकाचे नाव क्वचितच निघते. जे द्राक्ष रॉटरडॅमला जाते त्याची जन्मकुंडली पेटीवर असते. जे गुलटेकडीला किंवा दादरच्या हातगाडीवर येते त्याच्याविषयी विकणाऱ्यालाही फार तर गावाचे नाव ठाऊक असते. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने शेतकऱ्याला आणि शेतावरील उत्पादनाला आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. लहान शेतकऱ्याला परवान्यांच्या जाचातून सोडविण्याचा त्यामागील विचार समजण्यासारखा आहे. पण त्याचा परिणाम असा झाला की, काढणीपूर्व तपासणी, यादी आणि प्रयोगशाळा ही सारी यंत्रणा परदेशी ग्राहकाच्या आग्रहामुळे उभी राहिली आणि त्याच्यापुरतीच राहिली. तीच बाग, तोच बागायतदार, तीच फवारणी. एका पेटीचा माग आहे, दुसरीचा नाही. देशांतर्गत बाजारासाठी सर्व मालाची नव्हे, पण ठरावीक बाजार समित्यांत येणाऱ्या द्राक्ष, डाळिंब, टोमॅटो, मिरची अशा काही मालांची नमुना तपासणी सुरू करणे आणि निष्कर्ष नियमाने प्रसिद्ध करणे हे राज्याच्या आवाक्यातील आहे. त्यासाठी लागतात ते नमुने घेणारे निरीक्षक आणि प्रयोगशाळा. या दोहोंची वाण आहे, आणि ब्लॉकचेनच्या निविदा काढून ती भरून निघणारी नाही.

अमेरिकेचा नियम मुळात जानेवारी २०२६ मध्ये लागू व्हावयाचा होता; ती मुदत आता २० जुलै २०२८ पर्यंत वाढविण्यात आली आहे. त्याच्या यादीत उष्ण प्रदेशातील झाडांची ताजी फळे आहेत, म्हणजे आंबाही आहे. कोकणातील बागांकडून क्रमांक, नकाशे आणि काढणीच्या तारखा मागितल्या जातील. निर्यातदार त्या गोळा करण्याची व्यवस्था आतापासूनच लावू लागतील, आणि तिला ब्लॉकचेनचे नाव दिले जाण्याचाही पुष्कळ संभव आहे. ती व्यवस्था कोणाच्या मालकीची असावी, बागायतदाराला तिची मराठी प्रत मिळावी की नाही, चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी त्याने कोणाकडे जावे आणि नाकारलेल्या खेपेचा तोटा कोणी किती सोसावा, या गोष्टी पणन मंडळाने आणि बागायतदारांच्या सहकारी संघांनी करारपत्रे छापली जाण्यापूर्वी ठरवून घ्याव्यात. ती छापून झाल्यावर सह्या घेण्याचे काम फार जलद होते.